थोरल्याची फुंकर

“काच खाली घ्यायची न्हाई! आत्या, तुमी मागं व्हा. आधी मागं व्हा.”

वहिनी बांधावरून ओरडत येत होती. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या, तोंडावर मास्क. त्या मास्कच्या आतूनसुद्धा आवाज असा सुटला, की शेजारच्या तुरीतले होले उडाले ते मांजरसुंब्याचा घाट येईपर्यंत कुठे टेकले नाहीत. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, चारही काचा वर. मागच्या सीटवर माझा थोरला भाऊ, आमचा दादा. डोक्यावर कानटोपी, तोंडावर मास्क, आणि दोहोंच्या मधे उरलेल्या दोन बोटं कपाळावर विभूतीचे पट्टे. मखरात बसवलेला देवच. बाहेर काचेला नाक टेकवून उमापूरची आत्या उभी, आमच्या वडिलांची बहीण. तिच्या ओंजळीत गोवऱ्यांच्या आगटीतून नुकत्याच काढलेल्या कणसाचा चोळलेला गरम हुरडा, कोंड्यासकट.

“एक फुंकर तर मारायचीय त्यानं,” आत्या म्हणाली. “फुंकरीनं काय होतंय गं?”

“फुंकरीनंच होतंय सगळं.”

मी ड्रायव्हरच्या जागेवर. काचांची बटणं माझ्या बोटाखाली. बाहेरून दोघी माझ्याकडे बघत होत्या, आरशातून दादा बघत होता, आणि आगटीभोवती बसलेली सगळी भावकी माना वळवून बघत होती. अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं, हे मला कुठल्याच शाळेत शिकवलेलं नाही. मी वायपर चालू केला.

यंदा ज्वारी पुन्हा हुरड्यात आलीय, म्हणून गेल्या साली घडलेलं हे सगळं वर आलं. नेकनूरच्या आमच्या भुसार दुकानाचं शटर सकाळी उघडलं की थंडी आत येते आणि तिच्या पदराला धरून तो वास येतो. गोवऱ्यांचा धूर, त्यात भाजल्या हिरव्या कणसाचा गोडसर, दुधाळ वास. नाकात गेला की माणूस तराजू सोडून उभा राहतो. ज्वारीच्या दाण्याचं आयुष्य तसं लांब, पण त्याला सगळी किंमत मधल्या आठवड्याची. आधी दाणा दुधात असतो, मग चिकात येतो, मग हुरड्यात. आणि तेव्हा खाल्ला नाही, तर हट्टी म्हाताऱ्यासारखा टणक होऊन बसतो. मग त्याला भाकरीशिवाय दुसरं भविष्य नाही.

आमच्या भावकीत या आठवड्याचा एक कायदा आहे. आगटीतून निघालेलं पहिलं कणीस घरातल्या थोरल्यानं हातावर चोळायचं, थोरल्यानंच फुंकर मारून कोंडा उडवायचा, चिमूटभर दाणे आगटीला द्यायचे आणि उरलेले माणसांच्या हातावर ठेवायचे. ती फुंकर पडेपर्यंत कुणी दाणा तोंडात टाकायचा नाही. पोरगं रडलं तरी नाही, जावई रुसला तरी नाही. आधी वडील फुंकायचे, त्यांच्यानंतर दादा.

आणि दादाची फुंकर काय सांगावी. मला गावात फारसं कुणी खरं धरत नाही, पण ह्याला साक्षीदार आहेत. एकदा दादानं कोंड्यावर फुंकर मारली, तर समोर बसलेल्या पाहुण्याची टोपी उडाली, आणि तिचा तपास पुढं नारायणगडाच्या यात्रेत लागला. कुणीतरी भलताच माणूस ती घालून पंगतीत बसला होता. विझत आलेली आगटी दादाच्या फुंकरीनं पुन्हा पेटायची. खाण्याचं तर विचारूच नका. दादा रानात हुरड्याला बसला की पोपट दुसऱ्या तालुक्यात निघून जायचे; आपल्याला काही उरत नाही हे त्यांना कळायचं. हुरडा, त्यावर शेंगदाण्याची चटणी, भाजलेलं वांगं, गूळ, मडक्यातलं दही. एका हातानं खायचा आणि दुसऱ्या हातानं दुसऱ्यांना वाढायचा. यात मी थोडं वाढवून सांगतोय. फार नाही.

मग त्या माणसाचा श्वास कमी व्हायला लागला.

आधी दुकानाच्या माळ्यावर चढताना थांबायचा. मग शर्टाची बटणं लावता लावता बसायचा. मग बोलताना वाक्याच्या मधेच, एखाद्या शब्दापाशी, पिशवी खाली ठेवावी तसा थांबायचा. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं की फुप्फुसं आतून वाळत चाललीत. वेलावर राहून गेलेलं घोसाळं कसं होतं, वरून आकार तोच, आत नुसती जाळी, तसं मला दिसलं. कशानं झालं, ह्याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. ज्यानं आयुष्यात विडी ओढली नाही त्याला हे व्हावं, आणि आमच्या गल्लीतला एकजण दिवसरात्र धुराडं पेटवून बसतो त्याला साधा खोकला नसावा. हा हिशोब मला तेव्हाही लागला नाही, आजही लागत नाही.

त्या आजारातला एक हुरडा मला विसरता येत नाही. दादा आगटीपासून लांब, खुर्चीवर. आत्यानं कणीस चोळून दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. दादानं मान खाली केली, गाल फुगवले आणि फुंकर मारली.

कोंडा हलला नाही.

त्यानं पुन्हा मारली. हिरवट पापुद्रे त्याच्या तळहातावर तसेच पडून. एवढी भावकी, ज्यांना गप्प बसवायला पोलीस आणावा लागतो, ती सगळी गप्प. मग आत्यानं त्याच्या मनगटाला खालून हळूच एक टिचकी दिली. तळहात कलला, कोंडा घसरला. “उडाला बघा,” आत्या म्हणाली. सगळ्यांनी बघितलं होतं, आणि कुणीच बघितलं नव्हतं. दादानं त्या वर्षी पोटभर खाल्लं. दही, गूळ, सगळं. खायला तोंड होतं, फुंकायला वारा नव्हता.

नंतर पुणं. दुसऱ्याच्या फुप्फुसासाठी यादीत नाव घालून ठेवलं, वाट बघितली, एक दिवस फोन आला. कुणाच्या तरी घरात त्या दिवशी काय झालं असेल, ह्याचा विचार मी गाडी चालवताना करायचं टाळलं, तर तो विचार मागच्या सीटवर येऊन बसला तो अजून उतरलेला नाही. ते कोण, कुठले, बाई का माणूस, आम्हाला सांगत नाहीत आणि सांगूही नये. दादाच्या छातीत नवीन फुप्फुसं बसली. शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या नाकातून एक बारीक नळी गेली होती, आणि त्या नळीतून पिशवीतलं पांढरट काहीतरी थेंबाथेंबानं पोटात उतरत होतं. पोपटांना पळवून लावणारा माणूस थेंबावर आला. नळी निघाल्यावर दादा मला पहिलं काय म्हणाला असेल? “बैलाला वेसण घालायचं कळलं रं मला आता.” त्यानंतर आमच्या गोठ्याकडं बघायची त्याची नजर बदलली ती बदललीच.

दवाखान्यात आहाराच्या एक मॅडम होत्या. तरुण, हळू बोलणाऱ्या, पण हट्ट असा की आमच्या बाजारातले दलाल त्यांच्यापुढे रडले असते. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. शरीर नवीन फुप्फुसाला परकं समजतं, हाकलायला बघतं. म्हणून औषधं देऊन शरीराची ताकद मुद्दाम कमी ठेवायची. मी म्हणालो, “म्हणजे मॅडम, रानात पाहुणा उतरलाय आणि राखणदार त्याच्यावरच गोफण चालवतोय. म्हणून तुम्ही राखणदाराला गुंगी दिली.” त्या म्हणाल्या, “बरोबर. आणि आता राखणदार गुंगीत आहे, त्यामुळे चिमणीसुद्धा आत येता कामा नये. कच्चं नाही, शिळं नाही, बाहेरचं नाही. घरी विरजलेलं दही नाही. पाणी उकळून. सगळं पूर्ण शिजलेलं, ताजं, गरम.” मला वाटलं, समजलं. घरी आल्यावर कळलं की काहीच समजलं नव्हतं.

कारण आमच्याकडे जे जे प्रेमानं करतात, ते ते सगळं त्यात बसत नव्हतं. भेटायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही. शहाळी तर इतकी आली की आमचं अंगण कोकणात गेलं असं लोकांना वाटायला लागलं. आणि औषधांनी रक्तात पोटॅशियम चढतं म्हणून शहाळ्याचं पाणी बंद. कुणी पेढे आणले; औषधांनी साखरही वाढलेली, पेढे बंद. कुणी देवाचा प्रसाद आणला. कुणाच्या हातचा, कधीचा, माहीत नाही, बंद. कुठूनसा एकजण पपनस घेऊन आला, भलं मोठं. तर त्या फळाचं आणि औषधाचं वैर निघालं. जेवून आडवं व्हायचं नाही, अन्न उलटून वर आलं तर नव्या फुप्फुसात जाईल. आमच्या भागात दुपारी जेवून आडवा न होणारा माणूस म्हणजे संशयित. आणि वहिनी, जिनं आयुष्यभर दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, ती आता दारात आडवी उभी राहून माणसं परत पाठवायची. लोक म्हणायचे, शकुंतला बदलली. ती बदलली होतीच. ओट्याला तिनं असं सोवळं लावलं, की देवघर बिचारं कमीपणा येऊन कोपऱ्यात सरकलं.

मॅडमनी सांगितलं होतं, प्रोटीन हवं. जखम भरायची आहे, दंडाला मांस नाही, खोकायलासुद्धा ताकद लागते. अंडी चालतील, पूर्ण उकडलेली. आता आमचं घर शिवाचं. गळ्यात लिंग, ओट्यावर अंडं आजवर चढलेलं नाही. मी म्हणालो, “आत्या, अंगात दुसऱ्याचं फुप्फुस चालतंय, मग अंडं कावून चालत न्हाई?”

आत्यानं हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाली, “फुप्फुस खाल्लं न्हाई त्यानं.”

ह्यात चूक काय आहे ते मी अजून शोधतोय. शेवटी मॅडमनीच वाट काढली: वरण घट्ट, मुगाची धिरडी, घरी फाडलेल्या दुधाचं पनीर, सोयाबीनचं पीठ, आणि थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. वहिनी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा घेऊन जायची. आणि तसंच्या तसं परत आणायची.

दादा खाईना.

म्हणायचा, जिभेवर लोखंड ठेवल्यासारखं लागतंय. वास आला की मळमळतं. हात औषधानं थरथरायचा, चमचा तोंडापर्यंत येईस्तोवर निम्मा सांडायचा, आणि सांडलेलं बघून तो ताट सरकवायचा. चेहरा औषधानं गोल, पौर्णिमेसारखा, त्यामुळे बघणारे म्हणायचे, “तब्येत झाली की.” आणि खाली कमरेवर पायजमा थांबत नव्हता. एकाच माणसाचा वरचा भाग लठ्ठ आणि खालचा वाळलेला. कुणाचं खरं धरायचं? वजनकाट्याचं. काटा उतरत होता. मॅडम फोनवर दिसायच्या, आवाज तसाच हळू. “मी घाबरवत नाही. पण असंच उतरत राहिलं, तर पुढच्या तपासणीला आपल्याला पुन्हा नळीचा विचार करावा लागेल.”

दादानं फोनकडं पाठ केली. “पुन्हा वेसण न्हाई,” एवढंच म्हणाला.

आत्याचं मत वेगळंच. ती पाहुण्याचा शब्द धरून बसली. “आरं, पाहुना घरात आलाय तर त्याला विचारलं का तुमी, त्याला काय आवडतंय? तुमचं वरण त्याला पटत नसंल. तो कुटला, त्याचं खानं कसलं.” वहिनी चिडायची. मी हसायचो. पण दुकानात एकटा असलो की पायली मापता मापता थांबायचो. खरंच, तो काय खात असेल? त्याच्या घरी आता त्याच्या आवडीची भाजी करायची का नाही, ह्यावर कुणीतरी चुलीपुढे थांबत असेल? मला ह्यातलं काही कळत नाही, आणि मॅडमना विचारायची लाज वाटते.

अशात हुरडा आला.

तुरीच्या शेंगा भरल्या, थंडी पडली, आमच्या रानातली गुळभेंडी ज्वारी चिकातून हुरड्यात उतरली. आणि आगटी पेटेना. कारण कायदा. थोरला फुंकणार नाही, तर कुणी खाणार नाही. चुलतभाऊ आडून आडून विचारायचे, “मग, काय ठरलंय?” मी म्हणायचो, कायदा बाजूला ठेवा, तुम्ही खा. आत्या तिकडून फोनवर ओरडायची, “त्यो जित्ता असताना दुसऱ्यानं फुंकायची? तोंडाला काळं फासा त्यापरीस.” तिचं बरोबर होतं, दुसऱ्यानं फुंकली असती तर त्याचा अर्थ सगळ्या गावाला कळला असता. आणि दाणा काय कुणासाठी थांबतो? रोज सकाळी मी एक कणीस मोडून नखानं दाणा दाबायचो. रोज जरा कमी दबायचा.

एके दुपारी दादा खिडकीशी बसला होता. वरणाची वाटी गार होऊन तिच्यावर साय धरलेली. तो म्हणाला, “आगटी पेटली का रं?”

वहिनी आतून बाहेर आली. घरी आल्यापासून त्यानं खाण्याच्या वस्तूबद्दल उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. तिनं उभ्या उभ्याच मॅडमना फोन लावला. हुरडा म्हणजे काय हे मॅडमना ठाऊक होतं, त्यामुळे नुसते दाणे म्हणून खपवायची वहिनीची निम्मी लबाडी तिथंच संपली.

“आगटीतला नाही,” मॅडम म्हणाल्या. “धूर, राख, माती, कुणाच्या हातावर चोळलेला, कुणी फुंकलेला, अजिबात नाही. पण शेवटी दाणेच ना ते? स्वच्छ धुऊन, पूर्ण शिजवून, गरम असताना लगेच खाल्ले तर चालतील. दही, गूळ नको.”

“आन् रानात?”

“ते मी हो म्हणणार नाही. डॉक्टरांना विचारा.”

डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं. मग वहिनीनं काय सांगितलं देव जाणे, ते म्हणाले, उतरायचं नाही, गाडीच्या काचा बंद, मास्क, धूर असेल त्या बाजूला जायचंच नाही, आणि थोडाच वेळ. तर आम्ही गाडी रस्त्यावर उभी करायचं ठरवलं. वाऱ्याची दिशा बघायला मी सकाळपासून बोट ओलं करून फिरत होतो. गावाला वाटलं, मी निवडणुकीला उभा राहतोय.

आणि वहिनीनं ते केलं, जे आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. हातमोजे घालून कणसं झोडपली, दाणे निवडले, पाण्यावर पाणी बदलत धुतले, आणि कुकरला लावले. हुरड्याला शिट्टी! पहिली शिट्टी झाली तेव्हा उमापूरहून आलेली आत्या ओट्यापाशीच उभी होती. तिनं कपाळावर हात मारला. “शकुंतले, ह्या घुगऱ्या झाल्या. ह्याला हुरडा म्हनू नको.”

“म्हनत न्हाई. तुमीच नाव ठिवा.”

घुगऱ्या आमच्याकडे बारशाला वाटतात. मला एकदम वाटलं, हे मग कुणाचं बारसं चाललंय? कुकरची वाफ खिडकीबाहेर जात होती, त्या वाफेला हुरड्याचा वास होता का घुगऱ्यांचा, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

तर, वायपर.

वायपर कोरड्या काचेवर करकरत फिरत होता. आत्या ओंजळ धरून उभी, दाणे थंड होत चाललेले. वहिनी आत्या आणि काच यांच्या मधे येऊन उभी राहिली, तर आत्या कोपरानं तिला बाजूला सारत म्हणाली, “बघू दे तरी त्याला. बघन्यात जंतू जातेत का?” तिनं ओंजळ काचेला बाहेरून टेकवली. आतून दादा तिकडं बघत होता. काचेच्या एका बाजूला त्याचा गोल चेहरा, दुसऱ्या बाजूला हिरवे दाणे आणि त्यावर कोंड्याचे पापुद्रे.

दादानं मास्क खाली ओढला.

“अवं,” वहिनी बाहेरून म्हणाली. तेवढंच. काच बंद होती. आत फक्त मी, आणि माझ्या तोंडावर मास्क होता.

दादानं गाल फुगवले आणि काचेवर फुंकर मारली. लांब. मी आरशात बघत होतो, ती संपेचना. थंडीचे दिवस, काच गार. तिच्यावर वाफेचं एक वर्तुळ उमटलं, वाढलं, भाकरीएवढं झालं, परातीएवढं झालं, आणि आत्याची ओंजळ त्याच्या मागं गायब झाली. त्याच क्षणी बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला का वारा आला, मला माहीत नाही. पण आत्याच्या ओंजळीतला कोंडा उडाला. हे मी वाढवून सांगत नाहीये. वहिनी म्हणते, ट्रक होता. चुलतभाऊ म्हणतो, आत्यानं ओंजळ हलवली, तिची जुनी खोड. आत्या म्हणते, “फुंकर पडली. दोघांची पडली.” तिला दोघं म्हणजे कोण म्हणायचंय, हे कुणी विचारलं नाही.

तिनं चिमूटभर आगटीला दिले, उरलेले भावकीच्या हातावर ठेवले, आणि रानात एकदम गलका झाला. इतके दिवस तुंबलेली सगळी तोंडं एका वेळी सुरू झाली. मी आत बसून बघत होतो. मागच्या खेपेला त्याला खाता येत होतं, फुंकता येत नव्हतं. आता फुंकता येतं, आणि ज्याच्यावर फुंकर मारली ते खाता येत नाही. ह्यात आम्ही जिंकलो का हरलो? कायदा पाळला का मोडला? बंद काचेतून मारलेली फुंकर धरायची का? यंदा आत्याचा फोन आलाच: “औंदा कसं? काचच का?” मी म्हणालो, मॅडमना विचारतो. काचेवरचं ते वर्तुळ मी अजून पुसलेलं नाही, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण वहिनीनं त्याच संध्याकाळी सगळी गाडी आतून पुसून काढली.

तर त्या दिवशी. दादानं मास्क काढूनच ठेवला. वहिनी दुसऱ्या दारानं चोरासारखी आत शिरली, दार लावलं, हाताला जंतुनाशक चोळलं आणि डबा उघडला. वाफ आली. कुकरातले दाणे फुगून मऊ झाले होते, हिरवा रंग उतरून पिवळट पडला होता, वर जिऱ्याची फोडणी. बाहेर माणसं काळ्या हातांनी खरपूस हुरडा खात होती आणि आत हे. मला वाटलं, आता तो डबा सरकवणार. वहिनीलाही वाटलं असावं, कारण तिनं डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि लगेच तोंड खिडकीकडं फिरवलं, जणू बाहेर तुरीचं पीक बघायला आलीय.

चमचा वाजायला लागला. हात थरथरायचा, चमचा डब्याच्या कडेला खणखण आपटायचा, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा खणखण. मी आरशात बघायचं धाडस केलं नाही. समोर रस्ता होता, रस्त्याकडं बघत राहिलो. एक एसटी गेली, दोन मोटरसायकली गेल्या, ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. खणखण चालूच. वहिनीच्या खांद्यांकडं मी बघितलं, ते हलत नव्हते, श्वास घ्यायचाही विसरली असावी. बाहेर कुणीतरी आत्याची चेष्टा करत होतं, आत्या त्याला ठेवणीतल्या शिव्या देत होती, हसण्याचा आवाज काचेतून पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

मग चमचा डब्याच्या तळाला घासला गेला. तो आवाज वेगळा असतो. आमच्या घरात तो कित्येक महिन्यांत ऐकू आला नव्हता. चमचा घासत राहिला, कडेकडेनं, एकेक दाणा गोळा करत. वहिनी तोंड फिरवूनच होती. तिनं फक्त हात मागं केला, डबा चाचपला, आत बोट फिरवून बघितलं आणि हात परत पदरात घेतला.

मला राहवलं नाही. इतके दिवस ज्याच्यासाठी राखणदाराला गुंगी दिली, माणसं दारातून परत पाठवली, हुरड्याला शिट्टी दिली, त्याला निदान विचारावं तरी. मी मागं वळलो. दादा सांगितल्याप्रमाणं ताठ बसला होता, मांडीवर रिकामा डबा, हनुवटीला एक दाणा चिकटलेला, नजर लांब आगटीच्या धुरावर.

“दादा,” मी म्हणालो, “कसा लागला?”

त्यानं हनुवटीवरचा दाणा बोटानं काढला, बघितला, आणि तोंडात टाकला.

“शिजलाय,” तो म्हणाला.